वाईट बातमी पहिल्या वाक्यात

सुनंदा, तुझ्या भावाचा फोन आला तेव्हा मी वाळूजला कंपनीत, मशीनच्या लाईनवर होते. तो आधी म्हणाला, "कशा आहात?" मग म्हणाला, जालन्याला यंदा लई ऊन आहे. मग माझ्या मुलाचं विचारलं, काय करतो सध्या. मशीनचा आवाज होता. मी एक कान दाबून ओरडत होते, "बोला ना भाऊ, काय काम काढलं?" तेव्हा कुठं त्यानं सांगितलं, "ताई गेली. सकाळी." आणि मी येड्यासारखं विचारलं, "कोण ताई?"

तुझ्या रविवारच्या बैठकीत असता तर तू त्याला दाराबाहेर पाठवलं असतंस आणि पहिल्यापासून सुरू करायला लावलं असतंस. वाईट बातमी पहिल्या वाक्यात, हा तुझा नियम. ऊन, तब्येत, पोरंबाळं हे सगळं नंतर. समोरच्याला अंदाज बांधत बसवायचं नाही, तो छळ असतो, असं तू म्हणायचीस. आणि त्याच बाईनं आठ महिने आम्हाला पहिलं वाक्य तर सोडच, शेवटचंही सांगितलं नाही.

मला रडायचंय, पण आधी राग येतो. लोक येतात, माझ्याजवळ बसतात, हात धरतात. कंपनीतल्या बायका म्हणतात, फार सोसलं हो त्यांनी, कुणाला कळू दिलं नाही. कौतुकानं म्हणतात. मला त्यांच्या हातातला चहाचा कप ओढून घ्यावासा वाटतो. कळू दिलं नाही यात कसलं कौतुक आलंय?

तू ट्रेनिंगला, मी क्वालिटीत. दरवर्षी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं इंटर्न म्हणून यायची, सहा महिने राहायची, सर्टिफिकेट घेऊन जायची. त्यांना मशीन दाखवायचं काम माझं आणि माणसांशी बोलायला शिकवायचं काम तुझं. सॉफ्ट स्किल्स. मी त्याला मऊ वर्ग म्हणायचे. "चला रे, मऊ वर्गाची वेळ झाली, सुनंदा मॅडम लोणी लावायला शिकवणार." तू हसायचीस आणि मला शिवी द्यायचीस. शिवीसुद्धा पहिल्या वाक्यात असायची.

मऊ वर्ग म्हणायचं मी सोडलं ते दत्तामुळं. देवगाव रंगारीचा दत्ता, शेतकऱ्याच्या घरचा, वर्गात पहिल्या बाकावर बसणारा. मी त्याला मापाचं गेज दाखवलं, कुठली बाजू आत गेली पाहिजे आणि कुठली गेली नाही पाहिजे ते सांगितलं, आणि विचारलं, समजलं का? "व्हय मॅडम." त्यानं अख्खी शिफ्ट एकाच बाजूनं माल तपासला. सगळा पास, खराबसुद्धा. मी लाईनवर सगळ्यांसमोर त्याची अब्रू काढली. तू त्याला कॅन्टीनला घेऊन गेलीस. तू त्याला का चुकलं असं विचारलंच नाहीस. समजलं नाही हे म्हणायला काय अडचण होती, एवढंच विचारलंस. तो म्हणाला, "शाळेत व्हय म्हणलं की खाली बसता येत होतं मॅडम. नाय म्हणलं की तासभर उभं राहावं लागायचं."

हे तू मला येऊन सांगितलंस. मीही त्याच शाळेतली. आपण सगळेच तिथले.

सहा महिन्यांत दत्ता बोलायला लागला. "मॅडम, समजलं नाय, परत सांगा," असं सगळ्यांसमोर म्हणाला त्या दिवशी तू ट्रेनिंग रूममध्ये पेढे वाटलेस, आणि पोरांना वाटलं तुझं लग्न ठरलं. मग त्याला बिडकीनला नोकरी लागली. काही महिन्यांनी त्याचा फोन आला, आणि दर वाक्याला व्हय मॅडम, व्हय मॅडम. फोन ठेवून तू म्हणालीस, "गेलं गं सगळं. नव्या साहेबानं पुसून टाकलं." मी म्हणाले, "आता तो आपला इंटर्न नाही. सर्टिफिकेट दिलं, विषय संपला." तू म्हणालीस, "इंटर्नशिप संपली. त्याचं तोंड कुठं संपलंय?"

तरी तू गप्प बसली असतीस, पण क्रांती चौकात प्रज्ञा भेटली. सिग्नलला दोन स्कूटी शेजारी उभ्या, दोघींचे चेहरे स्कार्फमध्ये गुंडाळलेले, आणि तू रिक्षावाल्याशी भांडत होतीस त्या आवाजावरून तिनं तुला ओळखलं. ती तुझ्या वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. आईवडील दोघं नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक, बाबासाहेबांचं नाव घेऊन वाढलेलं घर, भाषण करायला उभी राहिली की सभा शांत. आणि ती पोरगी नव्या नोकरीत वर्षभर मिटिंगमध्ये मुकी बसत होती. लाईन का थांबते याचा सगळा अभ्यास तिनं केला आणि सीनियरनं तो स्वतःचा म्हणून मांडला, तिच्यासमोर. दुकानाच्या पायरीवर उभं राहून ती तुला म्हणाली, "मॅडम, तुमच्या वर्गात मी पहिली आले होते ना?" त्या संध्याकाळी तू माझ्याकडं आलीस आणि चहा तसाच ठेवून गेलीस.

मग रविवार सुरू झाले. महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी, तुझ्या सिडकोतल्या घरी. कंपनीचं पत्र नाही, बॅनर नाही. जुने इंटर्न, जे येतील ते. हॉलमध्ये सतरंजी आणि समोरासमोर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. एक बोलणाऱ्याची, एक साहेबाची. महिनाभरात जे वाक्य घशात अडकलं असेल ते घेऊन यायचं आणि इथं मोठ्यानं म्हणून दाखवायचं. पोहे सगळं झाल्यावर. पोट भरलं की पोरं सुस्त होतात आणि खरं बोलत नाहीत, असं तुझं शास्त्र.

साहेबाच्या खुर्चीत तू मला बसवलंस. म्हणालीस, "तुला नाटक करायची गरज नाही, तू आयती साहेब आहेस." मी बसले आणि सगळ्यांना फाडून खाल्लं. कुणाला बहिणीच्या लग्नाला सुट्टी मागायची होती. कुणाला न पाहिलेल्या रिपोर्टवर सही करायची नव्हती. एकाला त्याचा साहेब नावानं हाक मारत नव्हता, ए देवगाव म्हणत होता, आणि तो दत्ताच होता. एकीला वडिलांना सांगायचं होतं की स्पर्धा परीक्षा नको, मी हेच काम करणार. वडीलही मीच झाले. तू बाजूला बसून मध्येच हात वर करायचीस. "सॉरी काढ. परत." "साहेब काय म्हणाले ते आधी तूच त्यांना सांग, मग तुझं बोल." "खाली बघतोस कशाला, सतरंजीला सुट्टी मागतोयस का?" दत्ताला त्या एका वाक्यासाठी चार रविवार लागले. पाचव्या खेपेला तो बिडकीनला खऱ्या साहेबासमोर म्हणाला, "सर, माझं नाव दत्ता आहे." साहेब म्हणाला, "बरं, दत्ता." एवढंच. त्यानं बैठकीत सांगितलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि तू आत जाऊन पोह्यांना फोडणी दिलीस, कारण तुला पोरांसमोर रडायचं नव्हतं.

आता वाटतं, तिथंच ओळखायला हवं होतं.

आपलं एक भांडण राहिलंय, ते मी सोडणार नाही. मी म्हणायचे, तू यांना बोलायला शिकवतेस, पण समोरच्यांना ऐकायला कोण शिकवणार? ही बोलतील आणि मार खातील. आणि खाल्ला. प्रज्ञानं शेवटी भर मिटिंगमध्ये शांतपणे सांगितलं की हा अभ्यास माझा आहे. सीनियरनं हसून मान डोलावली आणि त्या वर्षी तिची पगारवाढ अडकली. मी तुला म्हणाले, "बघ, केलंस ना पोरीचं नुकसान?" आपण तुझ्या जिन्यात उभ्या होतो. तू म्हणालीस, "मग काय गप्प बसायला शिकवू? ते तर सगळेच शिकवतात." मी म्हणाले, "साहेबांचा वर्ग घे आधी." तू काहीतरी बोलणार होतीस, पण एकदम पायरीवर बसलीस. म्हणालीस, "पित्त झालंय. जा तू, नंतर भांडू." मी गेले.

दिवाळीच्या आधीची ती गोष्ट. तुझ्या भावानं आता सांगितलं की दुखणं तुला तेव्हाच कळलं होतं. त्यालाही तू शेवटच्या महिन्यात सांगितलंस, अंथरुणातून उठता येईना तेव्हा, आणि त्यानं तुला जालन्याला नेलं. आम्हाला काय काय सांगितलंस तू! भाचीच्या बाळंतपणाला चाललेय. दाढ काढलीय. उपास आहे. स्कार्फ घरातसुद्धा सोडत नव्हतीस तर म्हणालीस, मेंदी लावलीय केसांना. आपल्या गावात आठ महिने ऊन आणि प्रत्येक बाईच्या डोक्याला स्कार्फ, कुणाला शंका येणार? तुझा भाऊ म्हणाला, दवाखान्यात रिक्षानं जायची, एकटी. कोपऱ्यावरचा एक रिक्षावाला ठरलेला होता. म्हणजे सुनंदा, त्या रिक्षावाल्याला माहीत होतं. ज्या माणसाशी तू सुट्ट्या पैशांवरून भांडायचीस त्याला माहीत होतं, आणि तुझ्याबरोबर वीस वर्षं डबा खाणाऱ्या मला नाही.

शेवटच्या रविवारी दत्तानं तुला विचारलं होतं. सगळ्यांचं झाल्यावर सहज म्हणाला, "मॅडम, तुम्ही कधीच बसत नाय त्या खुर्चीत. तुमचं वाक्य सांगा की." तू हसलीस. म्हणालीस, "माझं सगळं सांगून झालंय रे." सगळे हसले. मीही हसले. आणि तू सगळ्यांना पोहे वाढलेस, स्वतः घेतले नाहीस.

तुझे उपकारही आहेत, ते आज म्हणायला नको वाटतंय, पण म्हणते. माझ्या मुलानं इंजिनिअरिंग सोडायचं ठरवलं ते मला थेट येऊन सांगितलं. स्वयंपाकघरात उभा राहिला आणि पहिल्याच वाक्यात म्हणाला, "आई, मी कॉलेज सोडतोय." कधीतरी मला न्यायला तुझ्या घरी आला असताना दारात उभा राहून त्यानं तुमची तालीम ऐकली होती. मी भाजीचा चमचा खाली ठेवला आणि तुझी आठवण काढून गप्प राहिले. त्याचं सगळं ऐकलं. आज तो फोटोग्राफी करतो, मिळवतो थोडंफार, माझ्याशी बोलतो. माझ्या मैत्रिणींची पोरं त्यांच्याशी बोलत नाहीत. हे मी तुला कधी सांगितलं नाही. बघ, मीही तसलीच.

तू गेल्यानंतर महिन्याचा दुसरा रविवार आला. मी काही कुणाला बोलावलं नव्हतं. तुझ्या घराला कुलूप, किल्ली भावानं जालन्याला नेलेली. पोरं सवयीनं आली आणि फाटकाशी उभी राहिली. शेजारणीनं मला फोन केला, म्हणाली, तुमची पोरं उन्हात उभी आहेत, कुणी बोलत नाही, कुणी जात नाही. मी त्यांना माझ्या घरी बोलावलं. ठरवलं होतं की चहा पाजायचा आणि सांगायचं, झालं आता, ज्यानं त्यानं आपापलं बघा.

चहा घेता घेता प्रज्ञा म्हणाली, "मॅडम, एक विचारू? नियम त्यांचा होता ना? मग त्यांनीच का नाही पाळला?"

दत्ता म्हणाला, "असं नको बोलू प्रज्ञा. माणूस गेलेलं हाय."

"गेल्या म्हणूनच बोलतेय. आम्ही इथं येऊन घाम गाळायचा, बाहेर जाऊन मार खायचा, आणि ज्यांनी शिकवलं त्यांना स्वतःचं एक वाक्य बोलता आलं नाही. मग खोटंच होतं ना सगळं?" तिचा आवाज चढला. "उद्या मला साहेबांना सांगायचंय की टेस्टिंगचे आकडे फिरवलेत आणि त्या रिपोर्टवर माझं नाव आहे. मी नाही सांगणार. छोडो. गप्प बसून निभतं. मॅडमचं निभलंच ना?"

मला तिचं म्हणणं पटत होतं, हे तुला सांगून टाकते. पण ती या रागात घरी गेली तर उद्या गप्प बसेल, परवा बसेल, आणि मग जन्मभर गप्प बसेल, हेही मला दिसत होतं. आणि तिच्याबरोबर बाकीचेही. मला काय सुचलं कोण जाणे, मी जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या ओढल्या आणि समोरासमोर ठेवल्या. प्रज्ञाला म्हणाले, "बस. तू सुनंदा. बोल तिचं वाक्य."

ती नाही म्हणाली. मग बसली. ओढणी डोक्यावरून घेतली, तू स्कार्फ घ्यायचीस तशी. मी समोर माझ्या नेहमीच्या जागी. ती माझ्याकडं बघून सरळ म्हणाली, "मला कॅन्सर झालाय. मी फार दिवस नाही. मला एकटीला जमत नाहीये."

माझ्या तोंडून निघालं ते असं, आणि मी साहेब होऊन बोलत नव्हते, मीच बोलत होते. "डोकं फिरलंय का तुझं? आधी का नाही सांगितलंस? कुठल्या डॉक्टरला दाखवलंस? तो काय देव आहे का? पुण्याला चल, उद्याच चल. नोकरी सोड. या पोरांचे रविवार आधी बंद कर, त्यांच्यापायी झालंय हे सगळं."

प्रज्ञा ऐकत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणूनच नसेल सांगितलं मॅडमनी."

सुनंदा, आपलं भांडण मी जिंकले, आणि असं जिंकून काय करू ते सांग. वर्षभर आम्ही सगळ्यांनी बोलायचा सराव केला. ऐकायच्या खुर्चीत मी एकटी बसले, आणि ती खुर्ची अंगावर ओरडण्यासाठीच असते असं समजून बसले. तू समोरून हे दर बैठकीला बघत होतीस. मी तुझ्या जागी असते तर मीही पित्तच सांगितलं असतं. तरीही तू सांगायला हवं होतंस. ओरडले असते मी, दोन दिवस ओरडले असते, तिसऱ्या दिवशी आले असते ना गं.

मी खुर्चीतून उठले. मला तिथं बसवेना. दत्ता जागेवरून उठला आणि कुणी न सांगता त्या खुर्चीत जाऊन बसला. त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले. प्रज्ञा त्याला परत तेच म्हणाली, तसंच, एकही शब्द न बदलता. मला वाटलं, आता व्हय मॅडम म्हणणार.

तो म्हणाला, "एकटीला जमत नाय म्हणता ना मॅडम. दवाखान्यात कोणत्या वारी जायचं असतंय? मी शिफ्ट बदलून घेतो. गाडी घेऊन येतो."

प्रज्ञाचा चेहरा वाकडा झाला. तिनं ओढणीचं टोक तोंडात धरलं, आणि मग म्हणाली, "मंगळवारी."

"बरं," दत्ता म्हणाला. "मंगळवारी येतो."

त्यानंतर सगळेच रडले, मीही रडले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पोहे मी केले, खारट झाले, पोरांनी खाल्ले. जाताना जिन्यात प्रज्ञा थांबली आणि म्हणाली, उद्या सांगते साहेबांना रिपोर्टचं. मग विचारलं, "काय झालं ते सांगायला फोन केला तर तुम्ही ऐकाल? नुसतं ऐकाल?" मी म्हणाले, प्रयत्न करीन. तिनं दुसऱ्या दिवशी केलाही. फार चांगलं झालं नाही तिच्याबाबतीत, होणारही नव्हतं. पण तिनं सांगितलं, आणि मी मध्ये बोलले नाही.

रविवार चालू राहतील. माझ्याच घरी. त्या खुर्चीत आता सगळे आळीपाळीनं बसणार, मीसुद्धा शिकायला बसणार.

पण प्रज्ञा मंगळवार म्हणाली ती अंदाजानं. तिला विचारलं आणि तिनं तोंडाला आला तो वार सांगितला. सुनंदा, तुझा दवाखान्यात जायचा वार कोणता होता, ते आमच्यातल्या एकालाही माहीत नाही.